एका रात्रीपुरता बिछाना

दक्षिण लंडनमध्ये क्लॅपहॅम साउथ स्टेशनाजवळ काँक्रीटची एक गोल, बुटकी इमारत आहे. तिच्यात कुणी जाताना दिसत नाही की बाहेर येताना दिसत नाही. सहा वर्षं मी तिच्यासमोरून ये-जा करत होते आणि ती पाण्याची टाकी असणार असं धरून चालले होते. एकदा बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी काठीचं टोक तिच्याकडे केलं आणि म्हणाल्या, ‘माझी आई मला घेऊन याच्याखाली झोपायला यायची.’ तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. काय आठवतं असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, वास. ओल्या लोकरीच्या कोटांचा. बाकी काहीच नाही. तेवढ्यात त्यांची बस आली.

त्या वासाने माझी पाठ धरली. दुसऱ्या महायुद्धातला हवाई हल्ल्यांचा निवारा तिथे खाली आहे, आणि लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम अधूनमधून लोकांना तो दाखवायला नेतं, एवढं शोधून काढलं आणि हिवाळ्यातल्या एका शनिवारचं तिकीट काढून ठेवलं.

खाली उतरायला १८० पायऱ्या आहेत. अकरा मजल्यांइतकं खोल. जिना गोल आहे, आणि तो एक नसून दोन आहेत, एकमेकांत गुंफलेले. एका जिन्याने उतरलेला माणूस निवाऱ्याच्या वरच्या मजल्यावर पोचतो, दुसऱ्याने उतरलेला खालच्या. दोघं एकाच विहिरीत फिरत असतात, पण त्यांची गाठ पडत नाही. हजारो घाबरलेली माणसं अंधारात एकदम आली तर त्यांची रेटारेटी होऊ नये, एवढा विचार त्या दोन जिन्यांत आहे. ३ मार्च १९४३ च्या रात्री पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन स्टेशनात काय झालं ते वाचलं होतं, म्हणून मला तो विचार फार मोलाचा वाटला. भोंगा वाजला, लोक निवाऱ्याकडे निघाले, जवळच्या बागेतून विमानविरोधी रॉकेटांचा नवाच, कधी न ऐकलेला आवाज आला, आणि जिन्यावर कुणाचा तरी पाय घसरला. मध्ये धरायला कठडा नव्हता. जेमतेम एक मिणमिणता दिवा होता. एकावर एक माणसं पडत गेली. १७३ जण गुदमरून गेले, त्यांत ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

मी कठडा घट्ट धरून उतरले.

खाली पोचल्यावर आधी जाणवतं ते तापमान. वर थंडीने बोटं बधिर झाली होती, इथे कोटाची बटणं काढावी लागली. लंडनखालची चिकणमाती उन्हाळा-हिवाळा जवळपास सारखीच राहते. मग भुयार दिसतं. अशी दोन समांतर भुयारं आहेत, प्रत्येकी साधारण पाच मीटर व्यासाची आणि चारशे मीटरच्या आसपास लांबीची. मध्ये आडवा स्लॅब घालून प्रत्येकाचे दोन मजले केलेत. जोडभुयारं, स्वच्छतागृहं, कॅन्टीनच्या जागा, दवाखान्याचे कोपरे असं सगळं धरलं तर मैलाहून जास्त चालणं होतं. आठ हजार माणसं झोपतील अशी सोय होती. सगळं एकसारखं दिसतं, म्हणून विभागांना नावं दिलेली आहेत, ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्यांची, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. ॲन्सन, बीटी, ड्रेक, जेलिको, नेल्सन. झोपेतून उठून पाणी प्यायला गेलेल्या पोराला परत येताना नुसतं ‘ड्रेक’ एवढं आठवलं तरी पुरे.

बिछाने अजून आहेत. सगळे नाहीत, पण रांगाच्या रांगा आहेत. त्यातल्या एकापाशी मी बराच वेळ थांबले. लोखंडी कोनांची चौकट, तिच्यात ताणलेली जाळी. रंग उडून खाली गंज दिसतोय, पण जाळी अजून ताठ. रुंदी इतकी की पाठीवर झोपलं तर दोन्ही कोपर चौकटीला लागतील. कुशीवर वळायचं तर आधी थोडं उठावं लागणार, आणि उठायचं तर वरच्या बिछान्याच्या जाळीला डोकं लागणार. मी हात लावला तेव्हा तळव्याला लालसर पूड लागली. गादी, उशी, पांघरूण लोकांनी घरून आणायचं आणि सकाळी घेऊन जायचं. म्हणजे इथे आपलं असं काही ठेवता येत नव्हतं. तिकिटावर लिहिलेला बिछाना, तोही एका रात्रीपुरता. उद्या पुन्हा यायचं.

तेवढ्यात डोक्यावरून गडगडाट गेला. आमच्या गटातल्या सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या नॉर्दर्न लाइनची गाडी. स्टेशनातल्या फलाटांच्याही खाली आम्ही होतो आणि ज्या गाडीने मी रोज कामावर जाते ती आमच्या डोक्यावरून चालली होती. सहा वर्षं मी या बिछान्यांवरून जात होते तर.

हा निवारा बांधला गेला त्याची गोष्ट सांगताना आमची वाटाडी मुलगी थोडी घाईत होती. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे, म्हणून मी इथे सावकाश सांगते.

युद्ध सुरू होण्याआधीपासून इंग्लंडमध्ये वाद चालला होता की शहरातल्या सामान्य माणसांसाठी खोल निवारे बांधायचे की नाहीत. जे. बी. एस. हॉल्डेन हे खोल निवाऱ्यांच्या बाजूचे सर्वांत मोठे वकील. हो, तेच, जे पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. जनुकशास्त्रातलं एवढं मोठं नाव, पण स्पेनच्या यादवी युद्धात ते स्वतः जाऊन आले होते, शहरावर बॉम्ब पडतात म्हणजे काय होतं ते डोळ्यांनी पाहून आले होते. जमिनीखाली खोल भुयारं खणा, असं ते परोपरीने सांगत राहिले. १९३९ साली सरकारने एक परिषद बसवली, अध्यक्ष लॉर्ड हेली, म्हणजे पूर्वी पंजाबचे गव्हर्नर होते तेच. परिषदेने खोल निवारे नाकारले.

खर्च, वेळ, पोलाद, मजूर ही कारणं होतीच, आणि ती खोटी नव्हती. पण त्यांच्या जोडीला आणखी एक भीती होती, आणि तिने मला आत कुठेतरी दुखावलं. लोक एकदा का खोल, सुरक्षित जागी गेले की ते वरच येणार नाहीत, अशी ती भीती होती. कामावर जाणार नाहीत, कारखाने बंद पडतील, माणसं उंदरांसारखी बिळात राहतील. ‘निवाऱ्याची मनोवृत्ती’ असा तिच्यासाठी शब्दप्रयोगच रूढ झाला होता. ज्यांच्यावर बॉम्ब पडणार होते त्यांच्याबद्दल, बॉम्ब पडण्याच्या आधीच, हे ठरवून टाकलं होतं.

त्यापेक्षा परसात पत्र्याचं कमानदार शेड पुरून घ्या, असं सांगण्यात आलं. ज्यांना परस होतं त्यांना ते ठीक होतं. पूर्व लंडनच्या चाळवजा घरांत परस कुठून आणायचं? ७ सप्टेंबर १९४० ला मोठे हल्ले सुरू झाले. आठवड्याभरात, १४ सप्टेंबरला, स्टेपनी भागातले लोक फिल पिराटिन या कम्युनिस्ट नगरसेवकाबरोबर थेट सॅव्हॉय हॉटेलात शिरले. श्रीमंतांच्या हॉटेलात तळघरातला निवारा आहे तर तो आम्हालाही हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनांत झोपायला मनाई असताना लोकांनी काय केलं? तिकीट काढलं, फलाटावर उतरले आणि तिथेच पांघरुणं पसरली. तिकीट काढलेल्या माणसाला फलाटावरून हाकलणार कोण, आणि कसं? सरकारला मनाई मागे घ्यावी लागली. त्या आयांनी आणि आज्यांनी केलेली ही गोष्ट मला कुठल्याही लढाईइतकी मोठी वाटते. खोल निवारा हवा की नको हे परिषदेत ठरून गेलं होतं, त्यांनी ते पथाऱ्या टाकून फिरवलं.

पण फलाट पुरेसे खोल नव्हते. १४ ऑक्टोबरला बाल्हम स्टेशनावरच्या रस्त्यावर बॉम्ब पडला. बाल्हम म्हणजे क्लॅपहॅम साउथच्या पुढचंच स्टेशन. पाण्याचे नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या फुटल्या, फलाटांवर चिखलपाणी घुसलं, दिवे गेले. खाली झोपलेल्यांपैकी साठहून अधिक माणसं मेली. वर रस्त्यात एवढा खड्डा पडला की अंधारात येणारी एक बस सरळ त्यात गेली. पुढच्याच महिन्यात, ३ नोव्हेंबरला, गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी रेडिओवरून जाहीर केलं की ट्यूबला जोडून खोल निवारे खणले जातील.

दहा ठरले, आठ पुरे झाले. सेंट पॉलच्या कॅथीड्रलच्या पायाला धोका नको म्हणून तिथला सोडला, ओव्हलला पाणी लागलं म्हणून तोही. उरलेल्यांपैकी बहुतेक नॉर्दर्न लाइनच्या कडेने आहेत, आणि त्यात एक लांबचा विचार होता. युद्धानंतर हीच भुयारं जोडून एक जलद मार्ग करायचा, म्हणून त्यांचा व्यास नेहमीच्या ट्यूबच्या बोगद्यापेक्षा मोठा ठेवला. तो जलद मार्ग कधीच झाला नाही. निवारे १९४२ मध्ये तयार झाले, आणि तोवर लंडनवरचे रोजचे हल्ले थांबले होते. आठ हजार बिछाने घातलेले, दिवे लावलेले, माणूस नाही. कुलूप. त्या दोन वर्षांचा विचार मी तिथे उभी राहून करत होते, जेलिको विभागाच्या पाटीखाली. नवी कोरी जाळी ताणून तयार, आणि वर कुणी तिच्यावर झोपायला येऊ नये अशी सगळ्यांची प्रार्थना.

मग १३ जून १९४४ ला पहिलं व्ही-१ पडलं. बिनवैमानिकाचं उडतं बॉम्ब. त्याचं इंजीन फटफट असा मोठा आवाज करत यायचं, आणि तो आवाज ऐकू येतो तोवर तुम्ही वाचलेले. आवाज बंद पडला की ते खाली यायचं. लोक शांततेला घाबरायला लागले. सप्टेंबरपासून व्ही-२ रॉकेटं आली. ती आवाजाच्याही पुढे धावायची, त्यामुळे आधी स्फोट आणि मग येण्याचा आवाज. क्लॅपहॅम साउथचा निवारा त्या जुलैत लोकांसाठी उघडला. खाली काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त गाड्यांचा गडगडाट. मला वाटतं त्या गडगडाटावर लोकांना झोप लागत असणार. गाडी चालू आहे म्हणजे शहर चालू आहे.

आणि ती ‘मनोवृत्ती’? तिचं काय झालं? निवारा कधीच पूर्ण भरला नाही. लोक संध्याकाळी गादी काखेत मारून आले, झोपले, सकाळी १८० पायऱ्या चढून वर गेले आणि कामाला लागले. रोज. आपल्या बसथांब्यावरच्या आजींच्या आईनेही तेच केलं असणार, एका हातात वळकटी आणि दुसऱ्या कडेवर तीन वर्षांची मुलगी.

बाकीच्या निवाऱ्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. गूज स्ट्रीटचा दोस्त सैन्याचे सेनापती आयझेनहॉवर यांच्या संदेशवहनासाठी गेला. चॅन्सरी लेनच्या भुयारात पुढे टेलिफोन एक्स्चेंज उभं राहिलं, आणि १९५६ मध्ये अटलांटिक ओलांडणारी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली तेव्हा तिची लंडनची जोडणी तिथे होती. स्टॉकवेलच्या निवाऱ्याचं गोल डोकं आज रंगवलेलं स्मारक आहे. मला मात्र क्लॅपहॅम साउथ सोडवत नाही, कारण तिथे माणसं परत आली.

२२ जून १९४८. टिलबरीच्या धक्क्यावर ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं उतरली. जहाजसुद्धा युद्धातून मिळालेलं, मूळचं जर्मन, ‘मोंटे रोझा’ नावाचं. उतरणाऱ्यांत कितीतरी जण ब्रिटिश हवाई दलात काम केलेले. पासपोर्ट ब्रिटिश, राजा तोच, शाळेत पाठ केलेला नकाशा तोच. सोय कुठेच नाही. ज्यांचं लंडनमध्ये कुणी नव्हतं असे सुमारे २३० जण होते आणि त्यांना कुठे ठेवायचं हे जहाज अर्ध्या वाटेत येईपर्यंत ठरलं नव्हतं. हवाई दलात असलेला आणि आधीच लंडनमध्ये राहणारा बॅरन बेकर नावाचा एक जमैकन तरुण वसाहत खात्याच्या मागे लागला की क्लॅपहॅम साउथचा निवारा उघडा. तो उघडला. माणसं गाड्यांतून आली आणि त्याच पायऱ्या उतरली.

मी त्या भागात उभी होते तेव्हा गटातलं कुणीच बोलत नव्हतं. माझ्या डोक्यात आकडे नव्हते. बेटावरून, उन्हातून, समुद्रावरून महिनाभर आलेला माणूस. त्याला नव्या देशात पहिली रात्र कुठे मिळाली तर जमिनीखाली, खिडकी नसलेल्या नळीत, सैन्याच्या घोंगडीखाली. आणि पहाटे चारपासून डोक्यावर गडगड. त्याला कुणी सांगितलं असेल का, की ही गाडी आहे?

लंडनला आले तेव्हा पहिले सहा आठवडे मी एका ओळखीच्यांकडे, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपले. त्यांनी फार प्रेमाने ठेवलं होतं. तरी रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून चादर घडी करायची, उशी कपाटात ठेवायची आणि सोफा जसा होता तसा करायची, इथे रात्री कुणी झोपलं होतं हे कळू नये असा. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांनी स्वतःची खोली मिळाली तेव्हा मी दुपारी दोनला अंथरूण घातलं आणि ते रात्रीपर्यंत तसंच ठेवलं, नुसतं बघायला. माझ्याकडे नोकरीचं पत्र होतं, डोक्यावर खिडकी होती, यजमानीण रात्री पाण्याची बाटली भरून ठेवायची. त्या २३० माणसांशी मी माझी बरोबरी करत नाही. पण सकाळी उठून पांघरूण घडी करताना त्यांच्या हातांना काय वाटत असेल ते मला थोडं कळतं.

त्यांच्याबद्दलही एक भीती होती. जहाज बंदराला लागलं त्याच दिवशी सत्ताधारी मजूर पक्षाच्या अकरा खासदारांनी पंतप्रधान ॲटली यांना पत्र लिहून अशा येण्याबद्दल काळजी व्यक्त केली होती. नऊ वर्षांपूर्वीची भीती होती की लोक खाली गेले तर वर येणार नाहीत. आता होती की वर आले तर परत जाणार नाहीत. दोन्ही वेळा भीती अशाच माणसांची, ज्यांच्याकडे रात्रीपुरता बिछाना सोडून काहीच नव्हतं.

आणि दोन्ही वेळा माणसं सकाळी जिना चढून कामाच्या शोधात गेली. कामं मिळवून देणारं जवळचं सरकारी केंद्र ब्रिक्स्टनला, कोल्डहार्बर लेनवर होतं. चालत जाता येतं. काही आठवड्यांतच त्यांची कामांची आणि राहायची सोय लागली आणि निवारा रिकामा झाला. कित्येकांनी खोल्या घेतल्या त्या ब्रिक्स्टनमध्येच, जिथे पाय रोज जात होते तिथे. आज ब्रिक्स्टनला जे काही आहे, तो बाजार, ती गाणी, रविवारी चर्चला निघालेल्या बायकांच्या त्या देखण्या टोप्या, त्याच्या मुळाशी बऱ्याच गोष्टी आहेत, पण त्यात हाही एक जिना आहे. तिथल्या चौकाला १९९८ पासून विंडरश चौक म्हणतात.

त्यानंतर १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा राष्ट्रीय महोत्सव भरला. देशोदेशीच्या तरुण पाहुण्यांना स्वस्तात राहायला जागा हवी होती, म्हणून निवाऱ्याचं हॉटेल झालं. भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली नावं आणि तारखा अजून वाचता येतात. मी एका ओळीपाशी वाकले. अक्षर तिरकं, झोपून लिहिलेलं, वरच्या बिछान्यावरून हात लांब करून. विद्यार्थ्याचं असावं. त्याच्यासाठी ही मजा होती, आणि ती असायलाच हवी होती, विशीतल्या पोराला जमिनीखाली झोपायला मजाच वाटणार. १९५२ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या अंत्ययात्रेसाठी आणि १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी आलेले सैनिक इथे राहिले. १९५६ च्या मे महिन्यात गूज स्ट्रीटच्या भुयारात आग लागली, आणि तेव्हापासून माणसांना झोपवायला हे निवारे वापरणं थांबलं.

मग आले कागद. पुढची कित्येक वर्षं इथे दस्तऐवजांची खोकी ठेवली जात होती. बिछान्यांच्या चौकटी सरळ मांडणीसारख्या उपयोगी पडल्या, जाळीवर माणसाऐवजी खोकी. कोरडी हवा, सारखं तापमान, कागदाला याहून चांगली जागा नाही. हे ऐकताना माझ्या मनात दुसरंच एक तळघर आलं. १९५० आणि ६० च्या दशकांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या माणसांची बंदरावर उतरतानाची नोंदपत्रं क्रॉयडनमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या तळघरात ठेवलेली होती. २०१० मध्ये ती नष्ट करण्यात आली. पुढे कायदे कडक झाले आणि अर्धं-अधिक आयुष्य इथे काढलेल्या, मुलं-नातवंडं झालेल्या माणसांना विचारलं जाऊ लागलं की तुम्ही अमुक सालच्या आधी आलात याचा कागद दाखवा. नोकऱ्या गेल्या, दवाखान्यात उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर पाठवलं. २०१८ मध्ये हे सगळं उघड झालं आणि सरकारला माफी मागावी लागली. त्यांना ‘विंडरश पिढी’ म्हणतात. ज्या जहाजातल्या माणसांना या बिछान्यांवर झोपवलं, त्याच्याच नावाने. कुणाची कुठली खोकी इथे किती जपून ठेवली होती मला माहीत नाही, पण मला त्या रिकाम्या जाळ्यांकडे बघताना राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

एक बरी गोष्टही सांगायला हवी. इथून एकच स्टेशन अलीकडे, क्लॅपहॅम कॉमनच्या निवाऱ्यात, २०१५ च्या सुमारास चक्क शेती सुरू झाली. ३३ मीटर खोल, गुलाबी एलईडी दिव्यांखाली, मातीशिवाय, पाण्यावर वाढवलेली कोवळी पानं. मुळ्याची, मोहरीची, कोथिंबिरीची. वरच्या मजल्यावर एकेकाळी जशा माणसांच्या रांगा होत्या तशा ट्रेच्या रांगा. ती काही वर्षं चालली. मी तिथली पानं एकदा दुकानातून आणून खाल्ली होती, तेव्हा ती कुठे उगवली हे पाकिटावर वाचलं होतं आणि त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं.

परत चढताना १८० पायऱ्या मोजायच्या असं ठरवलं होतं, पण नव्वदच्या पुढे श्वासच मोजत राहिले. गटातल्या एका मध्यमवयीन माणसाने त्याच्या आईचा हात धरला होता, ती दर वळणावर थांबायची आणि मागचे आम्ही सगळे न बोलता थांबायचो. धक्का कुणी दिला नाही, पुढे व्हा असं कुणी म्हटलं नाही. वर दार उघडलं तेव्हा दिवस संपला होता आणि जोरात पाऊस लागला होता.

छत्री आणली नव्हती. स्टेशनपर्यंत पळाले तरी भिजलेच. फलाटावर गर्दी, गाडीत त्याहून जास्त. मी दाराशी दांडा धरून उभी राहिले. गाडी बाल्हमच्या दिशेने सुटली आणि मला पायाखालच्या जागेचा अंदाज घ्यावासा वाटला, आता ॲन्सन, आता ड्रेक, पण तसं काही कळत नाही. माझ्या एका बाजूला बांधकामावरून परतणारे दोघं होते, बुटांना सिमेंट लागलेले, उभ्याउभ्या डोळे मिटलेले. दुसऱ्या बाजूला एक बाई, कडेवर मूल, मुलाचं डोकं तिच्या खांद्यावर. सगळ्यांचे कोट भिजलेले होते, आणि डब्यातल्या उबेने त्यांचा वास सुटला होता, ओल्या लोकरीचा.